चेहऱ्याच्या नसेची विद्युत तपासणी: कधी करावी आणि आयुष्मान कार्डावर मिळते का?

चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते, एक डोळा मिटत नाही, हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते. चेहऱ्याची नस अशक्त झाल्याची ही लक्षणे आहेत. याचा नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे बेल्स पाल्सी.

हा पक्षाघात तर नाही?
भुवया वर उचला. कपाळाला दोन्ही बाजूंनी आठ्या पडतात पण तोंड वाकडे आहे, किंवा हात-पाय लुळे पडले, बोलणे अडखळते, तर लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा.

औषध आधी, तपासणी नंतर
बेल्स पाल्सीत स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास जास्त फायदा होतो. म्हणून तपासणीची वाट पाहत थांबू नका. मधुमेह किंवा गर्भधारणा असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. डोळा मिटत नसेल तर डोळ्यात घालण्याचे थेंबही विचारून घ्या.

तपासणी कशी होते?
कानाजवळ विजेचा सौम्य झटका देऊन चेहऱ्याचे स्नायू किती प्रतिसाद देतात ते यंत्रावर मोजतात आणि दोन्ही बाजूंची तुलना करतात. आजारी बाजूचा प्रतिसाद चांगल्या बाजूच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर बरे होण्यास वेळ लागू शकतो.

पहिल्या तीन दिवसांत दुखावलेली नसही पुढच्या भागात वीज वाहून नेते. त्यामुळे अहवाल फसवा येतो. ही तपासणी साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान करतात. चेहऱ्याची थोडी हालचाल शिल्लक असेल तर बहुधा तिची गरज पडत नाही. पेसमेकर बसवला असल्यास आधी सांगा.

योजनेत काय मिळते?
- आयुष्मान भारत पंतप्रधान जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात.
- भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे त्यातच येतात.
- भरती न होता, बाह्यरुग्ण विभागात केलेली तपासणी योजनेत येत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा आणि शुल्क आधीच विचारा.

अडचण आल्यास
कार्ड असूनही योजनेतील उपचारांसाठी रुग्णालय पैसे मागत असेल तर १४५५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करा.