तूरडाळ कुठे स्वस्त? सुपरमार्केटच्या भावांबद्दलचे काही गैरसमज

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तूरडाळ सध्या कुठे स्वस्त आहे?’ एवढं कुणी विचारायचा अवकाश, उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी डीमार्टचं नाव घेतं, कुणी रिलायन्सचं, कुणी कोपऱ्यावरच्या वाण्याचं, आणि प्रत्येक जण ठाम असतो. गंमत म्हणजे त्यातली बरीच उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरची डाळ वेगळी, पाकीट वेगळं आणि यादीही वेगळी.

त्यातच आपल्या घरांत खरेदीचे मुळात दोन प्रकार. महिन्याचं वाणसामान एकदम भरायचं, आणि भाजी, फळं, अंडी, पाव, दही आठवड्याला आणायचं. पहिल्यात जे दुकान परवडतं तेच दुसऱ्यातही परवडेल, असं धरून चाललं की तुलना पहिल्याच पायरीवर फसते.

‘डीमार्टमध्ये सगळंच स्वस्त असतं’

पुष्कळसं असतं, आणि त्यामागे जादू नाही. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासूनचं गणित साधं आहे. शक्य तिथे जागा स्वतःची, म्हणजे दरमहा भाड्याची कटकट नाही. एका वस्तूचे पंचवीस प्रकार ठेवण्यापेक्षा जे हमखास खपतं तेच मोठ्या प्रमाणात घ्यायचं. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. त्यामुळे साबण, कपड्यांची पावडर, चहा, बिस्किटं अशा कंपनीच्या पाकीटबंद मालावर तिथे छापील किमतीपेक्षा कमी भाव बारा महिने मिळतो.

मधल्या साखळीला फाटा देऊन भाव कमी करायची कल्पना मुंबईला नवी नव्हतीच. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली अपना बाजार सुरू झाला तो याच विचाराने. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत सभासदांचे संघ करून महिन्याच्या याद्या एकत्र करते, घाऊक माल उचलते आणि सभासदच तो आपसांत वाटून घेतात. तिथे तर दुकानच नाही!

अडचण आहे ती ‘सगळंच’ या शब्दाची. कुठलंही मोठं दुकान ज्या वस्तूंचे भाव लोकांना तोंडपाठ असतात तिथे सर्वांत कमी नफा घेतं. साखर, तेल, तूरडाळ, शेंगदाणे. यांवरूनच गिऱ्हाईक दुकान महाग की स्वस्त ते ठरवतं, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. हिंगाची डबी, वेलची, सॉस, झाकणाचे डबे, पायपुसणं यांचा भाव कुणाच्या लक्षात असतो? वसुली तिथे होते. डीमार्ट चालवणारी कंपनीच भागधारकांना सांगत आलेली आहे, की कपडे आणि घरगुती वस्तूंचा विक्रीतला वाटा घटला की नफ्याचं प्रमाणही घटतं. म्हणजे साखरेवर वाचलेले रुपये टबमध्ये जातात, आणि तो टब यादीत नव्हता.

म्हणून तुलना चार ठळक वस्तूंची करू नये. गेल्या महिन्याचं आपलं अख्खं बिल समोर ठेवावं आणि तीच यादी दुसऱ्या दुकानात कितीला पडते ते पाहावं. पिशव्या लादून परत येतानाचं रिक्षाभाडं त्यात धरायला विसरू नये.

‘४० टक्के सूट म्हणजे ४० टक्के वाचले’

एमआरपी ही कमाल किंमत. सगळे कर धरून त्याहून एक पैसाही जास्त घेता येत नाही, कमी मात्र कितीही घेता येतो. पण ती छापतो कोण? माल बनवणारा किंवा पाकीट भरणारा. किराण्याच्या बहुतेक वस्तूंवर किती छापावी याला सरकारी मर्यादा नाही.

नावाजलेल्या कंपनीच्या टूथपेस्टची छापील किंमत सगळीकडे तीच असते, म्हणून ‘कुणी किती सूट दिली’ ही तुलना तिथे बरोबर. दुकानाने स्वतःच्या नावाने भरलेल्या काजूचं, पोह्यांचं, डाळीचं तसं नसतं. तिथे एमआरपी छापणार दुकान, आणि त्यावर सूट देणारही तेच. आपणच आकडा वर न्यायचा आणि आपणच खाली आणायचा. अशा पाकिटावर सुटीचा रंगीत गोल बघूच नये. किलोला काय पडलं, एवढंच बघावं.

याचा अर्थ दुकानाच्या नावाचा माल हलका असतो असा मुळीच नाही. डीमार्टचं प्रीमिया, रिलायन्सचं गुड लाइफ, बिगबास्केटचं बीबी रॉयल यांवर जाहिरातींचा मोठा खर्च चढलेला नसतो, त्यामुळे त्याच प्रतीचा माल कमी भावात देणं जमू शकतं. प्रत ओळखायची तर पाकीट उलटं करावं. भरणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक तिथे असावाच लागतो. क्रमांक १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे १५, आणि केंद्राकडून घेतलेला परवाना असेल तर तिथे दोन शून्यं. हा क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पाकीट कुणाचंही असो, माल कुठल्या गिरणीतून आला ते पुढच्या बाजूच्या हिरव्यागार चित्रापेक्षा या बारीक अक्षरांतून जास्त कळतं.

‘मोठं पाकीट स्वस्तच पडतं’

डोळ्यांनी भाव तोलायची आपली सवय एके काळी ठीक होती, कारण चहा, बिस्किटं, आटा, तेल अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ती सक्ती उठली. आता किलोसारखं दिसणारं पाकीट ९०० किंवा ८५० ग्रॅमचं असू शकतं, त्यात बेकायदा काही नाही. बदल्यात दुसरी सक्ती आली ती एकक किमतीची, म्हणजे दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं हे छापायची. एमआरपीच्या आसपास, शोधली तर सापडते.

सापडल्यावरही एक मेख आहे. किलोच्या आतलं पाकीट असेल तर भाव ग्रॅमचा, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. त्यामुळे ९०० ग्रॅमच्या पाकिटावर ०.१५ आणि शेजारच्या दोन किलोच्या पाकिटावर १४८ असे आकडे दिसतात. हजाराने गुणलं की पहिला १५० होतो, इथवर सोपं. पण दशांशानंतर दोनच घरं छापलेली. ०.१५ हा आकडा खरं तर ०.१४५ पासून ०.१५४ पर्यंत काहीही असू शकतो, म्हणजे किलोमागे १४५ ते १५४ रुपये. ज्या दहाएक रुपयांच्या फरकासाठी आपण दोन दुकानं पालथी घालतो, तोच फरक या गोळाबेरजेत गडप होतो. शिवाय हा हिशोब छापील किमतीवरचा. दुकानाने सूट दिली की तोही कोलमडतो. मोबाइलवर भागाकार करणं हाच खात्रीचा उपाय.

लहान पाकीट महाग हेही दरवेळी खरं नाही. शाम्पूच्या पुड्या मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडल्याचं कित्येकदा दिसतं. पाच आणि दहा रुपयांचे बिस्किटपुडे वेगळीच तऱ्हा करतात. त्यांची किंमत वर्षानुवर्षं हलत नाही, वजन उतरतं.

पण खरा गोंधळ बघायचा तर तेलाच्या डब्याशी थांबावं. ‘पंधराचा डबा’ म्हणून विचारलं तर एक १५ किलोचा निघतो, दुसरा १५ लिटरचा. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर, १३.६५ किलो. समजा किलोवाला डबा २,४०० रुपयांना आहे आणि लिटरवाला २,२५० ला. दीडशे रुपये वाचले असं वाटून आपण दुसरा उचलतो. हिशोब केला तर पहिला किलोला १६० रुपये पडला आणि दुसरा जवळपास १६५. एक लिटरच्या पिशवीशेजारी तेवढीच फुगलेली ८०० किंवा ८५० ग्रॅमची पिशवी ठेवली की हाच खेळ छोट्या प्रमाणात होतो. दोन दुकानांतल्या तेलाची तुलना करताना आधी एकक बघा, भाव मागाहून.

‘पाकिटातलं शुद्ध, सुटं म्हणजे भेसळ’

पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर २५ किलोपर्यंत १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. गोणीतून समोर तोलून दिलेल्या त्याच डाळीवर तो नाही. म्हणजे वाण्याची डाळ थोडी स्वस्त मिळाली तर लगेच संशय घ्यायचं कारण नाही.

पाकिटाला शोधता येईल असा पत्ता असतो, हा त्याचा मोठा गुण. सुट्या मालाचा गुण असा की त्याला हात लावता येतो. तूरडाळ मूठभर घेऊन तळहातावर पसरावी. सगळे दाणे एकसारखे चकचकीत आणि गुळगुळीत दिसले तर डाळीला पॉलिश आहे, आणि ती चमक म्हणजे प्रत नव्हे. हाताला पीठ लागलं तर माल जुना किंवा किडीने पोखरलेला असू शकतो. तुकडा फार असेल तर डाळ शिजताना एकसारखी शिजत नाही. पाकिटाला जेमतेम चौकोनी खिडकी असते, आणि चुरा तर तळाशी बसतो. तेव्हा पाकीट उलटं धरून हलवावं. दोन दुकानांच्या डाळींत कुठली सरस हे ठरवायची माझी आवडती पद्धत अगदीच घरगुती आहे. दोन्हीकडची अर्धा-अर्धा किलो आणायची आणि कुकरमध्ये दोन डब्यांत, सारख्या पाण्यात शेजारी-शेजारी शिजवायची. कुठली मऊ झाली आणि कुठली फुगली ते वरण घोटतानाच कळतं. चार रुपये महाग डाळ मुठीने कमी लागत असेल तर ती महाग कशी?

तांदळात तर नुसत्या भावाची तुलना निरर्थकच म्हणावी. नवा तांदूळ स्वस्त, वर्षभर मुरलेला जुना महाग, आणि नावं एकच. त्यात नावांचीही भानगड आहे. मुळशी आंबेमोहराला २०१६ मध्ये आणि वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याचं पीक केवढं आणि मुंबई-ठाण्यात ‘वाडा कोलम’ म्हणून खपणारा तांदूळ केवढा! एका दुकानात तो दुसरीकडच्यापेक्षा बराच स्वस्त दिसला तर दुकान स्वस्त असं समजू नये. तांदूळच दुसरा असण्याची शक्यता जास्त.

‘एसीतली भाजी ताजी’

थंड हवेत भाजी टवटवीत दिसते, पण ती तोडली कधी हे त्यावरून कळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. त्यामुळे मोठी दुकानं शेताजवळच्या संकलन केंद्रांतून थेट माल घेऊ शकतात. पण तो निवडून, गोदामातून फिरून यायला वेळ लागतो. भाजीवाली पहाटे मार्केट गाठते आणि सकाळी गाडी लावते. मेथी, कोथिंबीर, अळू तिच्याकडून घ्यावं. कांदे-बटाटे, सफरचंद, ढोबळी मिरची दुकानातून घ्यायला हरकत नाही. शहरांत भरणारे शेतकरी आठवडी बाजार जवळ असतील तर दोन्ही कामं तिथे होतात. फक्त जुडीचा भाव आणि किलोचा भाव यांची गल्लत नको. जुडी कधी तरी घरी निवडून तोलून पाहावी; मुळं, माती आणि काड्या वजा जाता उरतं ते वजन धक्कादायक असतं.

‘दहा मिनिटांत येतं ते महागच असतं’

झटपट माल पोचवणाऱ्या अॅपवर वस्तूचा भाव कधी कधी दुकानाइतकाच असतो, कमीही असतो. फरक पडतो तो बिलाच्या तळाशी, हाताळणी शुल्क, पोचवण्याचं शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क यांत. आठवड्यात चारदा कोथिंबीर आणि ब्रेड मागवणाऱ्याने महिन्याची ही बेरीज एकदा करावी. मोफत पोचवण्यासाठी टोपलीत ढकललेलं चॉकलेटही त्यातच धरावं.

माल कुठल्या फळीवरून येतो ते आपल्याला दिसत नाही, ही या खरेदीतली खरी उणीव. २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने अशा एका अॅपच्या धारावीतल्या गोदामाचा परवाना अस्वच्छतेमुळे निलंबित केला होता. दुकानात आपण दह्याचा मागचा डबा ओढून तारीख बघतो. इथे ती दारात आल्यावर बघायची. एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं आहे, की माल पोचताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. मुदत संपत आलेलं काही आलं तर माल आणणारा मुलगा दारात उभा असतानाच परत करावं.

दुकानात फळीवरच्या चिठ्ठीपेक्षा बिलात जास्त भाव लागला असेल तर तोही तिथल्या तिथे काउंटरवर दाखवावा. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं किंवा वजनात मारलं तर वैधमापन शास्त्र विभाग आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करण्याआधी एवढं मात्र लक्षात घ्यावं, की एक किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमांत बसते. वाण्याच्या काट्याला अशी सवलत मागता येत नाही. त्याचा काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याची वर्षातून एकदा पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो, आणि तो गिऱ्हाइकाला बघता येतो.