झारची रायफल, फिनलंडची नळी

1917 साली फिनलंड स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षीच्या यादवीत रशियन छावण्यांतल्या मोसिन-नागान रायफली त्याच्या हाती लागल्या. युरोपात इतरत्र पडून असलेल्या अशाच रायफलीही त्याने नंतर मिळवल्या. 1891 चा हा नमुना वापरायला सोपा नव्हता. बोल्ट जड चाले, सेफ्टी लावताना बोटांचा कस लागे, नेमपट्टीवर अंतर आर्शिन या रशियन मापात, म्हणजे सुमारे 71 सेंटीमीटरच्या टप्प्यांत कोरलेले, आणि नेम जुळवलेला तोही संगीन चढवलेली आहे असे धरून. तरीही फिनलंडने ती मोडीत काढली नाही. पैशांची चणचण हे कारण होतेच. पण रायफलीचा नेमका कोणता भाग वाया गेला आहे, हे तिथल्या लोकांनी पारखले होते, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

बोल्ट बसतो तो पोलादी सांगाडा दणकट होता. झिजल्या होत्या त्या नळ्या. म्हणून फिनलंडने सांगाडा कधी नव्याने घडवलाच नाही. लष्कराहून वेगळ्या, स्वयंसेवकांच्या नागरी संरक्षक दलाने एम/24 साठी स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून नळ्या मागवल्या. लष्कराने एम/27 मध्ये 80 सेंटीमीटरची नळी साडेअडुसष्टवर आणली, पण जुनेच लाकूड तासून वापरले. संगिनीच्या सरावात त्याचा पुढचा भाग दगा देऊ लागला आणि मग तिथे मजबुती करावी लागली. कागदावर बिनचूक दिसणारी सुधारणा शिपायाच्या हातात कशी उघडी पडते, याचा याहून चांगला दाखला क्वचितच सापडेल. संरक्षक दलाच्या एम/28-30 मध्ये मीटरची नवी नेमपट्टी आली, काडतूस अडकू नये म्हणून मॅगझिनची रचना बदलली. फिनलंडचा ख्यातनाम नेमबाज सिमो हायहा सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात हीच रायफल घेऊन लढला, तीही दुर्बिणीशिवाय.

छोट्या देशात लष्कराने आणि संरक्षक दलाने वेगवेगळे नमुने काढणे ही उधळपट्टी होती, हा आक्षेप मला मान्य आहे. 1941 मध्ये मंजूर झालेल्या एम/39 ने दोघांना एकत्र आणले. बर्चच्या दोन तुकड्यांचा सांधलेला दस्ता ओल सोसू लागला. नळीचा व्यास किंचित वाढवल्याने शत्रूकडून हस्तगत केलेली काडतुसेही नीट चालू लागली. पूर्णपणे नवी परदेशी रायफल घ्यायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांना उत्तर इथेच मिळते: शेजारच्या बलाढ्य शत्रूचेच काडतूस आपल्याही रायफलीत चालणे हा फायदा नव्या नमुन्याने घालवला असता. दुसरा आक्षेप असा की युद्धाचा निकाल तोफा आणि मशीनगन लावतात, रायफलीच्या अचूकपणाने काय साधते? यात बरेच तथ्य आहे, आणि हायहाच्या दंतकथेमुळे ते झाकले जाते. पण रायफलीचे वजन युद्धात इतके कमी असेल, तर तिच्यावर बेताचाच खर्च करणे अधिकच रास्त ठरते. बोल्टचा जडपणा आणि सेफ्टीचा त्रास एम/39 मध्येही राहिला. ते दोष काढायचे तर सांगाड्यालाच हात घालावा लागला असता. 1980 च्या दशकात फिनलंडने टीकेआयव्ही 85 ही नेमबाजांसाठीची रायफल बनवली, तेव्हाही नळी नवी होती आणि सांगाडा झारच्या काळातल्या त्याच नमुन्याचा.