प्रश्न साधा, उत्तर वाकडे

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणे आपल्या घरांत थोडे कमीपणाचे समजले जाते की काय, अशी शंका यावी इतकी वाकडी उत्तरे रोज कानांवर पडतात. ‘आज भाजी कसली?’ म्हणून विचारावे तर आतून उत्तर येते, ‘डोंबलाची!’ ‘किती वाजले?’ म्हटले की आजोबा सांगतात, ‘काल या वेळेला वाजले होते तेवढेच.’ याला कोणी उद्धटपणा म्हणेल, कोणी थट्टा म्हणेल. आमचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर झालेले. त्या दोन्ही शाळांत आम्ही जे शिकलो त्यावरून आमची अशी समजूत झाली आहे की, वाकडे उत्तर ही एक जुनी लोकविद्या आहे. तिला नियम आहेत आणि तिचा उपयोगही आहे.

पाहावे तरी, म्हणून आम्ही घरच्यांना आणि मित्रांना काही विचित्र प्रश्न विचारले. पहिला प्रश्न : घड्याळ बंद पडले म्हणजे वेळ कोठे जाते? घरातून उत्तर मिळाले, ‘तुमच्या मीटिंगला.’ यंत्रावर काम करणारा एक मित्र म्हणाला, ‘आमचे बंद पडले तर मालकाच्या खात्यात जाते.’ दुसरा प्रश्न : चंद्रावर कारखाना निघाला तर पहिली अडचण कोणती येईल? चंद्रावरचे एक दिवसरात्र आपल्या सुमारे २९ दिवस १२ तासांचे असते, हे त्या मित्राला ठाऊक होते. तो म्हणाला, ‘पंधरा दिवस दिवसपाळी आणि पंधरा दिवस रात्रपाळी. ओव्हरटाइम कोणत्या हिशेबाने मागायचा ते आधी ठरवा.’ तिसरा प्रश्न : माणसाला तिसरा हात असता तर काय झाले असते? विड्या वळणाऱ्या एका बाईंनी सुपावरची मान वर न करता सांगितले, ‘काही नाही. हजाराच्या जागी दीड हजार मागितल्या असत्या.’

या उत्तरावर सगळे हसले. पण ज्यांना दर हजारी मजुरीचा हिशेब ठाऊक आहे त्यांना त्या एका वाक्यात सबंध धंदा दिसेल. प्रश्न आम्ही गमतीने विचारला होता. उत्तरही गमतीचेच होते. मात्र ते खोटे नव्हते. वाकड्या उत्तराचा पहिला नियम हाच. ते प्रश्नाला बगल देते, सत्याला देत नाही.

दुसरा नियम थोडक्यात पुष्कळ बसविण्याचा. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या तीन प्रश्नांना ‘फिरवले नाही म्हणून’ हे एकच उत्तर आपल्या आजीला पाठ असे. अशाच जोडप्रश्नांचा खेळ हिंदीत अमीर खुसरोच्या नावाने चालत आला आहे. तमाशाच्या फडात तर सवाल-जवाबाला केवढा मान! कलगीवाले शक्तीची बाजू घेत आणि तुरेवाले शिवाची. आणि रात्ररात्र एकाने कोडे घालावे व दुसऱ्याने ते फोडावे. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्यांचे तर्कशास्त्र या फडात घासूनपुसून लखलखीत होई.

तिसरा नियम नाजूक आहे. जे बोलवत नाही ते हसत बोलणे. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे निघालात?’ असे विचारू नये, हा आपल्याकडचा संकेत. त्यातून आमच्या नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्यावर स्नानालाही जातात आणि शेवटीही न्यावे लागते. आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ पहाटे बाहेर पडत तेव्हा कोणी पोराने हटकलेच तर सांगत, ‘गंगेवर. पण आज पायी.’ मरणाच्या भीतीवर याहून स्वस्त औषध आम्हाला ठाऊक नाही.

मुलांना दिली जाणारी उत्तरे याच जातीची. ‘मी कुठून आलो?’ असे पोराने विचारले की थोरली माणसे म्हणतात, ‘तुला मूठभर कोंडा देऊन घेतला.’ पोर रुसते, घर हसते. परंतु या थट्टेखाली एक जुने दुःख आहे. ज्या घरात मुले जगत नसत तेथे नव्या बाळाला उकिरड्यावर ठेवून उचलीत, किंवा कोंड्याच्या मोबदल्यात परक्याकडून ‘विकत’ घेत, म्हणजे दैवाची दृष्ट त्याच्यावर पडू नये. कोंडाजी, धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावे त्या रीतीतून रूढ झाली. कोंडाजी फर्जंदांनी १६७३ साली मूठभर मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, आणि नाशिकच्या चिवड्याने हेच नाव घरोघर नेले. आता बाळे जगतात, ती रीत मागे पडली, थट्टा तेवढी उरली. तिचा उगम मुलांना केव्हातरी सांगावा.

आता थट्टा कोठे थांबावी याचे एक उदाहरण. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला आणि ओळखपत्रे मिळू लागली. त्या पत्रावर दवाखाना मिळतो, मुलांच्या शिष्यवृत्तीची वाट मोकळी होते. एकदा अर्ज भरताना लिहिणाऱ्याने एका म्हाताऱ्या बाईंना नवऱ्याचे नाव विचारले. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही त्यांची उभ्या जन्माची शिस्त. त्या म्हणाल्या, ‘पंचवटीतला काळा देव.’ लिहिणाऱ्याने ‘काळाराम’ असे लिहिले. शेजारणीने ते वाचून दाखविताच बाई उसळून म्हणाल्या, ‘अहो, गोरे आहेत ते!’ हास्याचा कल्लोळ उडाला. पण कागदाला हसणे कळत नाही. एक नाव चुकले की पुढल्या सगळ्या कागदांशी त्याचा मेळ बसत नाही आणि हक्काचे औषध अडते. हे समजावून दिल्यावर बाईंनी पदर सावरला आणि स्पष्ट म्हटले, ‘राम.’ भोवतालच्या बायकांनी लग्नातला उखाणा ऐकल्यासारख्या टाळ्या वाजविल्या.

यावरून चौथा नियम निघतो : उत्तर कसे मिळेल हे विचारणारा कोण यावर ठरते. इंग्रज मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांत थट्टा करणे जवळजवळ कर्तव्यच असते, आणि जिची थट्टा झाली त्या व्यक्तीने ती मनावर घ्यावयाची नसते, असे त्यांनी दाखविले. आपल्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांची थट्टा चालते. सासऱ्यापुढे सून गप्प असते. कारखान्यातही तेच. सोबत्याने विचारले ‘काय, कसे आहे?’ तर ‘चाक फिरते आहे, आम्हीही फिरतो आहोत’ असे उत्तर येते. साहेबाने तेच विचारले की ‘ठीक आहे, साहेब.’ ज्या खात्यात सगळीच उत्तरे ‘ठीक आहे’ अशी येतात तेथे काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे. संघटना बांधायला गेलेल्या माणसाला लोक प्रथम सरळ उत्तरे देतात. ज्या दिवशी ते त्याची फिरकी घेतात त्या दिवशी त्याला त्यांनी आपला म्हटलेले असते.

म्हणून आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे की, घरातल्या तिरकस उत्तरांवर रागावू नका, ती ऐकून ठेवा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना चार वेडेवाकडे प्रश्न विचारा. मुलांनी तुम्हाला उलट उत्तर दिले तर त्यात उद्धटपणा किती आणि बुद्धी किती हे तपासून मगच डोळे वटारा. आणि ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात त्याने स्वतःला अधूनमधून विचारावे, आपल्याला शेवटचे वाकडे उत्तर कोणी आणि केव्हा दिले होते?