शल्यचिकित्सकाची परदेशवाट

मुलगा वा मुलगी एम.एस. झाली, की अनेक घरांत ब्रिटनचा विषय निघतो आणि पहिली चिंता व्हिसाची वाटते. वस्तुतः व्हिसा हा शेवटचा टप्पा होय. आधी तेथील जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी. त्यासाठी प्लॅबचे दोन भाग अथवा शल्यचिकित्सकांची एमआरसीएस ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय इंग्रजीसाठी आयएलटीएसमध्ये एकूण किमान ७.५ गुण.

त्यानंतर ‘क्लिनिकल फेलो’ किंवा ‘ट्रस्ट ग्रेड’ पदापासून आरंभ करणे व्यवहार्य ठरते. निवड झाल्यावर परवानाधारक रुग्णालय प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देते. त्याच्या आधारे २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसासाठी अर्ज करता येतो. त्यात डॉक्टरला व कुटुंबीयांना आरोग्य अधिभार माफ असतो.

हे प्रमाणपत्र विकत मिळत नाही. नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास ब्रिटिश कायदा एजन्सींना मनाई करतो. म्हणूनच कोणी आगाऊ लाखो रुपये मागितल्यास, वडिलांनी मुदत ठेव मोडण्यापूर्वी प्रायोजकांची सरकारी यादी पाहावी. परीक्षेचे शुल्क ही गुंतवणूक. दलालाला दिलेली रक्कम मात्र बुडीत खाते.