पाच सेकंदांत पट पाठ!

बुद्धिबळाचा पट मांडलाय, पांढऱ्या सोंगट्या तुमच्याकडे. पहिली चाल किती प्रकारे करता येईल? बोटं मोजत बसू नका, मी सांगते: 20. आठ प्याद्यांच्या दोन-दोन, घोड्यांच्या दोन-दोन. हत्ती, उंट, वजीर बिचारे घरातच अडकलेले! काळ्याकडेही उत्तराला 20 चाली. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत वाटा किती फुटतात? 1,97,281!

या जंगलात आपल्या नगरचा एक मुलगा शिरला. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेवर नगरच येतं.) शार्दूल गागरे, जन्म 1997चा. 2016 साली तो ग्रँडमास्टर झाला. त्यासाठी 2500 रेटिंग लागतं, शिवाय भक्कम खेळाडूंच्या स्पर्धांमध्ये तीन 'नॉर्म', म्हणजे ठरलेल्या दर्जाची कामगिरी केल्याचे शिक्के, मिळवावे लागतात.

गंमत म्हणजे 1997मध्येच चीनमध्ये के जिये जन्मला. त्याचा खेळ 'गो'. तिथे 19 आडव्या, 19 उभ्या रेषा, आणि पहिला दगड ठेवायला 361 जागा! 2008मध्येच तो व्यावसायिक खेळाडू झाला. पुढे जगातल्या अव्वल खेळाडूंत गेला. 2017मध्ये मात्र 'अल्फागो' नावाच्या संगणक प्रोग्रामने त्याला 3-0 हरवलं.

मग या मंडळींचं डोकं म्हणजे आठवणींचं मोठं गोदाम असतं का? चेस आणि सायमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1973मध्ये हे तपासलं. (हो, त्यातल्या एकाचं आडनाव खरंच चेस!) खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि झाकला. उस्तादाने सोळाएक सोंगट्या अचूक मांडल्या, नवख्याने जेमतेम चार. मग सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या. उस्तादाची फजिती! तोही नवख्याच्या पंगतीत.

असं का? एसटीची पाटी आठवा. 'अहिल्यानगर' आपण एका नजरेत वाचतो, अक्षर अक्षर जुळवत नाही. तीच अक्षरं 'ल्यारअनहिग' अशी लिहिली तर? एसटी निघून जाईल, आपण वाचतच राहू! उस्तादाला पटावर सुट्या सोंगट्या दिसत नाहीत, 'शब्द' दिसतात: किल्ल्यात बसलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, शेजारी घोडा. सगळं मिळून एकच शब्द. हजारो डाव खेळून असे हजारो शब्द त्याच्या ओळखीचे झालेले असतात.

घरी पट आहे ना? ताईला किंवा दादाला एकदा खऱ्या डावातली, एकदा विस्कटलेली मांडणी करायला सांगा. पाच सेकंद बघा, झाका, मांडा. दोन्ही वेळा किती सोंगट्या जमल्या, ते आम्हाला कळवा.