नाँतची ‘ला सिगाल’ आणि दमीची ‘लोला’

फ्रेंच सिनेमा आवडत असेल तर ‘ला सिगाल’ हे नाव लक्षात ठेवा. पश्चिम फ्रान्समधल्या नाँत शहरात, ग्रासलँ नाट्यगृहासमोर ही ब्रासरी, म्हणजे फ्रेंच धाटणीचं उपाहारगृह, 1895 मध्ये सुरू झाली. वास्तुकार एमिल लिबोदिएर. रंगीत टाइल्स, मोठाले आरसे, नक्षीदार लाकूडकाम आणि भिंतींवर जागोजागी सिगाल, म्हणजे रातकिड्यासारखा किर्र आवाज करणारा कीटक. 1964 पासून ही जागा संरक्षित ऐतिहासिक वास्तू आहे.

पण माझ्यासाठी ती आधी दिग्दर्शक जाक दमीची आहे! दमी याच शहरात वाढला, वडिलांचं इथे मोटार गॅरेज होतं. 1961 साली आलेल्या ‘लोला’ या पहिल्या कथापटासाठी त्याने या ब्रासरीचं ‘एल्दोरादो’ नावाचं कॅबरे केलं. तिथे नाचणारी लोला म्हणजे अनुक एमे. छायाचित्रण राऊल कुतारचं, कृष्णधवल. त्यामुळे टाइल्सचे रंग पडद्यावर दिसत नाहीत, पण आरशांतला उजेड काय सुंदर पकडलाय!

‘लोला’नंतर ‘जाको द नाँत’ जरूर पाहा. दमीच्या बालपणावरचा हा चित्रपट त्याची पत्नी आन्येस वार्दाने केला, 1991 मध्ये तो प्रदर्शित झाला.