पाटीवरचा आकडा आणि म्हातारा बैल



आपल्या विहिरीवरचा पंप सुरू होतो, कारखान्यात दिवे लागतात, त्या विजेचा एक मोठा उगम घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यात आहे. पाटण तालुक्यातल्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने जाते आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते. तिथला पहिला संच १९६२ साली सुरू झाला. पहिल्या टप्प्याचे चार संच मूळचे ६५ मेगावॅटचे, दुसऱ्या टप्प्याचे चार ७५ मेगावॅटचे. आज त्यांची क्षमता ७० आणि ८० मेगावॅट धरली जाते. म्हणजे एवढ्या वर्षांत वाढ झाली ती दर संचामागे फक्त ५ मेगावॅटची, शेकडा आठसुद्धा नाही! तीही रीतसर, क्षमता नव्याने ठरवून.

आणि आपण? एका हंगामात एका डीपीवर तीन-चार पंप वाढवतो आणि कुणाला विचारतही नाही.

हिशेब सोपा आहे. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर सुमारे ८४ अँपिअर देऊ शकतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे अकरा पंप झाले की डीपी भरली. चौदा पंप लावले तर भार सव्वापट होतो. पण वेटोळ्यातली उष्णता भाराच्या वर्गाने वाढते, ती होते दीडपटीहून जास्त. आतल्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या तारेवर तेलात भिजलेला कागद असतो. तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की या कागदाचे आयुष्य निम्मे होते. जळालेला कागद पुन्हा कोरा होत नाही. म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर ६३ लिहिलेले असले तरी त्याच्यात तरुणपणची ताकद राहिलेली नसते. म्हाताऱ्या बैलजोडीच्या गाडीत दोन टनांच्या जागी तीन टन ऊस भरला, तर चढावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे फ्यूज उडाला की किटकॅटमध्ये जाड तार पिळून घालायची. फ्यूज उडतो तो वैरी म्हणून नव्हे, राखणदार म्हणून. राखणदाराचे तोंड बांधले की चोर थेट घरात. मग फ्यूजऐवजी डीपीच जळते. ऐन एप्रिलात खोडव्याला पाणी नाही, लागणीला पाणी नाही, आणि सगळी आळी दुसऱ्या डीपीची वाट बघत बसते.

कारखान्यातही हाच नियम. मिलच्या मोटरवर भार चढला की आम्ही गव्हाणीचा वेग कमी करतो, रिले बांधून ठेवत नाही. थोडे गाळप मागे पडते, पण मोटर जळून गव्हाण बंद पडली, तर यार्डात तोडलेला ऊस वाळतो आणि उतारा घसरतो. ते नुकसान सगळ्या सभासदांचे.

आता आपण काय करायचे?

पहिले, वीज आली की सगळे पंप एकदम सुरू होऊ देऊ नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी उठले की तो धक्का डीपीला सोसत नाही. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पाळी ठरवा, निदान काही मिनिटांचे अंतर ठेवा.

दुसरे, पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा. दर पंपामागे सुमारे एक अँपिअर वाचतो. अकरा पंपांमागे एका पंपाहून जास्त भार हलका झाला!

तिसरे, तेलाची गळती दिसली किंवा ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झालेली दिसली, तर लाइनमनला कळवा. हे खालूनच बघायचे. खांबावर चढायचे नाही, पेटीत हात घालायचा नाही.

चौथे, पंप खरोखरच वाढले असतील तर सगळ्यांनी मिळून जादा क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरसाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा. चोरून वाढवलेला भार अर्जात दिसत नाही, आणि कागदावर अकराच पंप असतील तर मोठी डीपी मागायची तरी कशाच्या जोरावर?

अति तेथे माती, हे आपल्या वाडवडिलांनी विजेच्या आधीच सांगून ठेवले आहे. सभासदांनी आपापल्या डीपीवरचे पंप या आठवड्यात मोजावेत, ही विनंती.